सोबत : उणे छप्पन्न

मास्तर पोरांना मार्क देतात, मी रानांना देते. हसायचं असेल तर हसून घ्या. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "रानाला कसले गं मार्क? ते काय दहावीला बसलंय?"

दहावीला बसल्यासारखंच आहे ते. सत्तरच्या वर गेलं की पास, आणि पास झालं की त्याची वाट लागते. हे दुसरं वाक्य मी नोकरीत असताना कधी मोठ्यानं बोलले नाही. आता नोकरी सोडलीय, त्यामुळं बोलते.

हे सगळं सुरू झालं उन्हाळ्यापायी. पुण्यात सलग एकवीस दिवस सेहेचाळीस अंश पारा राहिला, ते साल आठवत असेल. शहरातल्या लोकांना झोप येईना, रक्तदाब उतरेना, गोळ्या खाऊन खाऊन पोटं बिघडली. मग कुणीतरी सिद्ध करून दाखवलं की चांगल्या रानात तीन दिवस राहिलं की अर्ध्या गोळ्या सुटतात. झालं! डॉक्टर चिठ्ठीवर रान लिहून द्यायला लागले. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर चालणे. आता एवढ्या माणसांना पुरतील एवढी रानं आणायची कुठून? म्हणून वनविसावा मंडळ निघालं आणि मला, तृप्ती जोतिराम पाटणे हिला, चंदगड भागाची मापनाधिकारी म्हणून नेमलं.

पूर्वी कुठलं रान माणसांनी फिरायला चांगलं, हे नकाशावर ठरायचं. चढ किती, पाणी किती लांब, सावली किती, रस्ता कुठवर येतो, एवढे रकाने भरायचे आणि बेरीज मारायची. त्यात गंमत अशी व्हायची की कागदावर नव्वद गुणांच्या रानात शिरलं की जीव घाबरा व्हायचा, आणि पन्नासवाल्या रानातून पाय निघायचा नाही. मग चकती आली. रुपयाएवढी, पातळ, डाव्या बरगडीखाली चिकटवायची. ती घामातलं कॉर्टिसॉल मोजते, म्हणजे अंगावर ताण आला की जे रसायन सुटतं ते. शिवाय हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजते. माणूस निवांत असला की हे अंतर श्वासागणिक थोडं कमी-जास्त होत राहतं. धास्तावला की ठोके घड्याळासारखे एकसारखे पडायला लागतात. माणसाला अडीच तास रानात चालवायचं आणि शेवटी शंभरपैकी एक आकडा हातात येतो. त्याला विसावांक म्हणतात.

प्रत्येक रानासाठी तीन माणसं चालवायची. आधी एकटं, मग दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यासोबत. एकट्याचा आकडा तो रानाचा. सोबतीच्या आकड्यातून एकट्याचा वजा केला की सोबतीचा परिणाम कळतो, म्हणजे हे रान कुटुंबानं जायचं की एकट्यानं, ते ठरवता येतं. आणि सगळ्यात मोठा नियम: चालणाऱ्यानं ते रान पूर्वी पाहिलेलं नसावं. ओळखीच्या रानात माणूस आपल्या आठवणीही सोबत घेऊन चालतो, आणि कुठला आराम रानाचा आणि कुठला आठवणीचा, हे चकतीला कळत नाही. हा नियम नव्या पोरांना मीच शिकवायचे. चुकलं की झापायचेसुद्धा.

आता घरचं सांगते.

जुई आमची मुलगी. एकुलती एक. सोळा वर्षांची असताना गेली. मेंदूज्वर झाला, बेळगावच्या दवाखान्यात नऊ दिवस होती, आणि नवव्या दिवशी दुपारी गेली. शेवटचे सहा दिवस ती बेशुद्धच होती. नवव्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून डबा घेऊन येते म्हणून घरी आले होते. परत पोचले तेव्हा यांनी मला दारातच धरलं.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं आमच्या घरात तिचं नाव निघालं नाही. मी काढलं नाही आणि यांनीही नाही. माझा स्वभाव भडक, तोंड चालू. पण या एका बाबतीत तोंडाला कुलूप. हे मुळातच मितभाषी. घराला लागूनच आमचा काजूगराचा छोटा कारखाना आहे, तिथं आठ बायका काम करतात. त्या म्हणायच्या, "वहिनी, दादा दिवसाला दहा शब्द बोलत्यात, त्यातलं चार फोनवर."

आणि हे रोज सकाळी काळवटीच्या रानात जायचे. घरापासून दोन किलोमीटरवर ते रान आहे. दाट, ओलं, जळवांनी भरलेलं. गुराख्यांशिवाय तिकडं कुणी फिरकत नसे. सहाला जायचे, नवाला यायचे. परत येताना फाटकापाशी मी त्यांचा चेहरा बघायचे. सैल पडलेला असायचा. जुई असतानाचा चेहरा. आणि मग मी चहा घेऊन समोर गेले की पुन्हा ओढल्यासारखा व्हायचा. माझ्यासमोर! दुसरी बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. रानाच्या काय उपटणार?

विचारलं होतं एकदा, "काय करता हो तिथं तीन तास?"

"काही नाही. बसतो."

"बसायला घरात खुर्च्या नाहीत?"

त्यावर उठून कारखान्यात निघून गेले.

गणपती झाल्यावर मंडळाचं पत्र आलं. काळवटीचं मापन करा, पंधरा दिवसांत अहवाल द्या. मला काही विशेष वाटलं नाही. तसल्या रानाला सत्तर गुण पडणं शक्यच नव्हतं. बेळगावहून दोन मुली आल्या चालायला. एकीला एकसष्ट पडले, दुसरीला चौसष्ट. जळवा, निसरडं, आणि भर दुपारी अंधार. सोबतीचा परिणाम एकीचा अधिक दोन, दुसरीचा उणे तीन. ती दुसरी म्हणाली, "मॅडम, तुम्ही फार बोलता." म्हटलं, बरं बाई.

तिसरा चालणारा होता मार्टिन बारदेसकर, माझा नेहमीचा माणूस. ऐनवेळी ओढ्यात त्याचा पाय मुरगळला. अहवालाला तीन दिवस उरलेले. मंडळाचे घाटगेसाहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, कुणीतरी उभा करा हो. दोन नापासच आहेत, तिसऱ्यानं काय फरक पडणार?"

खरं सांगायचं तर नवा माणूस मिळाला असता. मार्टिनचा भाऊ तयार होता. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. हे रोज तिथं जातात, त्यांच्या अंगाला तिथं काय होतं, ते आकड्यात बघायचं होतं मला. दोन वर्षं जो माणूस मला काही सांगत नाही, त्याचं अंग सांगेल. म्हणून मी नियम मोडला. अर्जात एक ओळ असते: चालणाऱ्यानं हे रान पूर्वी पाहिले आहे काय? मी लिहिलं, नाही.

यांना विचारलं तर म्हणाले, "माझं काय मोजणार तू?"

"चढ-उतार बघायचाय फक्त."

चकती लावून घेताना त्यांनी एकच विचारलं. "तृप्ती, त्या रानाचं काही होणार नाही ना?"

"छे हो. एवढ्या जळवांचं रान कोण घेतंय?"

ते एकटे चालून आले. सत्त्याण्णव. नऊ वर्षांच्या नोकरीत मी नव्वदच्या वरचा आकडा पाहिला नव्हता. आलेख उघडून बघितला. पहिला अर्धा तास साधाच. मग ओढ्याच्या वर, जिथं एक जुनं हुर्‍याचं झाड आडवं पडलंय, तिथं हे पावणेदोन तास बसले होते, आणि तिथं आकडा वर चढत गेला होता. तान्हं मूल पोटभर दूध पिऊन झोपतं ना, त्या वेळी येतात तसले ठोके. एवढा निवांतपणा मी या माणसाला वीस वर्षांच्या संसारात दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. टॅबवर त्यांचा आकडा समोर दिसत होता. फाटकापाशी साठ, रानाच्या तोंडाशी पन्नास. जसजसं ते पडलेलं झाड जवळ आलं, तसतसा खाली खाली. झाडापाशी हे थांबले. माझ्याकडं वळले. ठोके ताडताड, एका मापाचे, आणि आकडा तेवीस! कपाळावरचा घाम पुसला, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "चल, जळवा लागतील."

विसावांक एकेचाळीस. यंत्रानं वजाबाकी करून दिली: सोबतीचा परिणाम, उणे छप्पन्न.

मी ओसरीवर बसून तो आकडा किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. माझ्याशेजारी चालताना या माणसाच्या अंगाला भीती वाटते. वाघ समोर आला तर एवढा आकडा पडतो. मी रडले नाही, मला राग आला. नुसता राग नाही, अंगाचा भडका झाला. पोर माझीही गेली होती. तो सगळा विसावा एकट्यानं त्या ओल्या अंधारात जाऊन घ्यायचा, आणि मला काय, तर उणे छप्पन्न?

अजूनही हातात होतं. यांचा आकडा खोडायचा, मार्टिनच्या भावाला चालवायचं, की रान नापास. एकसष्ट, चौसष्ट आणि सत्त्याण्णव यांची सरासरी येते चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर म्हणजे पास. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी नववीत गणितात पहिली आलेली बाई आहे, मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

मी अहवाल पाठवला. मनाला सांगितलं, आकडा खरा आहे, यंत्रानं दिलाय, मी काय खोटं लिहिलं? पण एक ओळ खोटी होती, आणि ती कशासाठी ठेवली ते मला ठाऊक होतं. मला त्या रानाचा मत्सर वाटत होता. ते यांच्याकडून जावं असं मला वाटत होतं.

गेलं. फार वेळ लागला नाही. दिवाळीनंतर आखणी झाली, शिमग्यापर्यंत लाकडी पायवाट आली. जळवांसाठी औषध मारलं, अंधारासाठी फांद्या छाटल्या, ओढ्याला कठडा केला. मापनात सगळ्यात जास्त आकडा कुठं चढला, ते मंडळाला आलेखावरून कळलंच होतं. त्या जागी त्यांनी आडवं झाड उचलून नेलं आणि चाळीस माणसांचा ध्यान-ओटा बांधला. तिथं सकाळी कर्ण्यावर एक बाई मधाळ आवाजात सांगते, श्वास घ्या, श्वास सोडा.

येणारी माणसं वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. पुण्याचे एक गृहस्थ ओट्यावरून उतरून माझ्यासमोर ढसाढसा रडले होते. म्हणाले, चार वर्षांत पहिल्यांदा गोळीशिवाय झोपलो. त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार, की बाबा, तू जिथं झोप मिळवलीस तिथून मी एकाला उठवलंय?

रान उघडलं त्या दिवशी हे नेहमीसारखे सहाला गेले. पाऊण तासात परत आले. मी फाटकापाशीच होते.

"काय झालं?"

"पोरगी बसलीय दारात. म्हणते, काका, स्लॉट घेतलाय का?"

"मग?"

"मग काय? नाही म्हटलं."

त्यांनी मला काही विचारलं नाही. मंडळाचं काम, मंडळानं केलं, एवढंच त्यांनी धरलं असावं. आठवडाभर दुसऱ्या वाटेनं जाऊन बघितलं, तिथंही कुंपण. मग घरीच राहायला लागले. ओसरीच्या पायरीवर बसायचे, तेही पाठ रस्त्याकडं करून. पावसाळ्यात रक्तदाब एकशेऐंशीवर गेला. डॉक्टरांकडं नेलं. तरुण पोरगा, मनानं चांगला. तपासलं, यंत्रात काहीतरी टाकलं आणि हसून चिठ्ठी पुढं केली. "नशीबवान आहात काका. अ श्रेणीचं रान तुमच्या दारातच आहे. काळवटी, तीन दिवस."

मी यांच्याकडं बघितलं. यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "बरं."

तीन दिवस गेले बापडे. हातात पट्टा, बरगडीखाली चकती, ओळीत बसून श्वास घेतला आणि सोडला. शेवटी आकडा आला अडतीस. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "रानात तर दोष नाही हो. काकांच्या मनातच काहीतरी अडलंय. त्यांना बोलतं करा, काकू."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते आणि मला दिसेनासं झालं. डोळ्यांतून धारा. कडेला थांबवली. हे म्हणाले, "अगं, काय झालं? एवढं काही नाही मला." मला म्हणाले! मलाच समजावत होते!

घरी आल्यावर दुपारी स्वयंपाकघरात मी सगळं सांगून टाकलं. हे जेवायला बसले होते, पुढ्यात आमटी-भात. मी कट्ट्याला पाठ टेकून उभी राहिले आणि काही न लपवता बोलले. अर्जातली ओळ. सत्त्याण्णव. उणे छप्पन्न. मार्टिनचा भाऊ तयार होता, तेही. मत्सर वाटला, तेही. "तुमचं रान मी घालवलं," म्हटलं. "जाणूनबुजून. तुम्हाला माझी एवढी भीती वाटते, हे सहन झालं नाही मला."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता उठतील आणि कारखान्यात निघून जातील. नाही उठले.

"भीती वाटत होतीच," म्हणाले. "तुला सांगायचं होतं त्या दिवशी. त्या झाडापाशी. दोन वर्षं तिथं बसून रोज मोठ्यानं म्हणून बघायचो, तुला कसं सांगायचं ते. तिथं एकट्याला नीट म्हणता यायचं. म्हणून झालं की बरं वाटायचं, आज घरी जाऊन सांगूया वाटायचं. आणि घरी आलो की तू समोर चहा घेऊन."

"काय सांगायचं होतं?"

"तू डबा आणायला आली होतीस ना, तेव्हा जुई शुद्धीवर आली होती."

मला त्या वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला. जवळजवळ तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात तिचं नाव निघालं होतं, मी त्यातच अडकले होते.

"चार मिनिटं. फार तर पाच," ते म्हणाले. "डोळे उघडले. मला ओळखलं. म्हणाली, आई कुठाय? म्हटलं, येतेय, डबा घेऊन. म्हणाली, कसली भाजी? मी म्हटलं, दोडका. तर तोंड वाकडं केलं. मग पाणी मागितलं. दोन चमचे घातले. मी म्हटलं, आईला फोन लावू का? तर म्हणाली, गाडीवर असेल, नको. मलाही वाटलं, आता बरी होतेय, तू आलीस की बघशीलच. फोन हातातच होता माझ्या, तृप्ती. आवाज तरी ऐकू आला असता तुला. नाही लावला. मग झोपते म्हणाली."

मग म्हणाले, "रानात एवढं लांबत नव्हतं. तिथं थोडक्यात यायचं."

मी त्यांना मारलं. हो, मारलं. छातीवर, दंडावर, दोन्ही मुठींनी, जमेल तसं. त्यांनी अडवलं नाही. आठ बायकांपैकी दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. मग माझे हात दुखायला लागले आणि मी खाली बसले, त्यांच्या ताटाशेजारी.

"माझं रान तू नेलंस," ते म्हणाले, "आणि तुझी चार मिनिटं मी. आता कोण कुणाला काय बोलणार?"

मला त्यांना काही बोलायचंच नव्हतं. मला फक्त ती चार मिनिटं हवी होती. म्हटलं, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

त्यांनी सांगितलं. डोळे उघडले, मला ओळखलं, आई कुठाय म्हणाली. मी विचारलं, आवाज कसा होता? बसलेला होता? बसलेला होता म्हणाले. म्हटलं, आता परत सांगा. हसली का? दोडका म्हटल्यावर थोडी. केस कुठं होते? कपाळावर. तुम्ही मागं सारले का? सारले. परत सांगा. आमटीवर साय धरली, कारखाना सुटला, बायका घरी गेल्या, तरी मी सोडलं नाही. त्या दुपारी मी त्यांना ती चार मिनिटं अकरा वेळा सांगायला लावली. दर वेळी ते फोन हातात असल्यापर्यंत यायचे, आणि दर वेळी मला वाटायचं, या खेपेला लावतील.